सीमा, शलाका आणि लोकसभा

दिनांक २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेपुढे केलेल्या समारोपाच्या भाषणात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी एक विधान केले. संसद आणि संसदीय कार्यपद्धती या गोष्टी भारताला अपरिचित नव्हत्या, असे सांगून त्यांनी भिक्षुसंघाचा दाखला दिला. आसनव्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, पक्षादेश, मतमोजणी, गुप्त मतदान, निंदाव्यंजक ठराव आणि एकदा निकालात निघालेला विषय पुन्हा न उकरण्याचा दंडक, हे सर्व संघाला ज्ञात होते असे त्यांनी प्रतिपादिले. आपल्या समाजात हे विधान वारंवार उद्धृत केले जाते. मात्र ते ज्या विनयपिटकाच्या आधारे केले गेले, त्याचे पान उघडून पाहण्याचा प्रसंग फार थोड्यांवर येतो.

तसा प्रसंग आमच्यावर सावदा येथील विहारात आला. वर्षावासातील ग्रंथवाचन चालू असता, भुसावळच्या रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका वयोवृद्ध उपासकांनी विचारले, "सर, संघ म्हणजेच संसद होती म्हणता, तर मग संघात खासदार कोण होता?" सभेत थोडी हशा पिकली. आम्ही मात्र त्या रात्री चुल्लवग्ग पुन्हा काढून बसलो, कारण प्रश्न मर्मावर बोट ठेवणारा होता. भिक्षुसंघात खासदार कोणीच नव्हता. तेव्हा साम्य नेमके कोठे आहे आणि कोठे नाही, हे पालि ग्रंथांच्या आधारे तपासून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम एक खुलासा करणे अवश्य आहे. आजची लोकसभा भिक्षुसंघापासून वंशपरंपरेने आली असे बाबासाहेबांनी कोठेही म्हटलेले नाही. आपल्या लोकसभेच्या नियमांचा वारसा ब्रिटिश पार्लमेंटकडून, १९१९ व १९३५ च्या कायद्यांतील विधिमंडळांमार्फत आला, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? उलट बुद्धांनी हे नियम तत्कालीन गणराज्यांच्या सभांवरून घेतले असले पाहिजेत, असा तर्क त्यांनी त्याच भाषणात मांडला आहे. काशीप्रसाद जयस्वाल यांनी १९२४ च्या 'हिंदू पॉलिटी' या ग्रंथात हीच दिशा धरली होती. बाबासाहेबांचा रोख निराळा होता. लोकशाहीची रीत या देशाने एकदा गमावली आहे, ती दुसऱ्यांदा गमावू नये, ही त्यांची चिंता होती. आपले काही लेखक ही चिंता बाजूला सारून केवळ अभिमान तेवढा उचलतात, याचे आम्हांस वाईट वाटते.

सावद्याच्या वाचकांस या विषयाची एक जवळची खूण आहे. डिसेंबर १९३६ मध्ये सावद्यालगतच्या फैजपूर येथे पंडित जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. १९३५ चा कायदा नाकारून प्रौढ मताधिकाराने निवडलेल्या संविधान सभेची मागणी तेथे करण्यात आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला होता आणि १९३७ च्या निवडणुकीत त्या पक्षाचे दौलत गुलाजी जाधव पूर्व खानदेशातून मुंबई विधानसभेवर निवडून गेले. त्या काळी मताचा हक्क मालमत्ता, सारा किंवा शिक्षण यांवर अवलंबून होता. पुढे १९४६ मध्ये संविधान सभा आली, तीही प्रौढ मताधिकाराने नव्हे, प्रांतिक विधानसभांनी निवडलेली. फैजपूरची मागणी त्या स्वरूपात पुरी झाली नाही. परंतु त्या सभेने जे संविधान दिले त्याच्या ३२६ व्या अनुच्छेदाने प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषास मत दिले. १९८८ च्या ६१ व्या घटनादुरुस्तीने त्याचे वय २१ वरून १८ झाले.

आता विनयाकडे वळू. संघाचे कोणतेही कर्म करावयाचे तर आधी सीमा बांधलेली असावी लागते. डोंगर, पाषाण, वन, वृक्ष, वाट, वारूळ, नदी, पाणी ही निमित्ते सांगून संघाच्या संमतीने सीमा ठरे. तिचा विस्तार तीन योजनांहून अधिक नसावा, नव्या सीमेने जुनीला छेदू नये, आणि सीमा बदलावयाची तर पूर्वीची आधी विधिपूर्वक मोडावी, असे महावग्गाच्या उपोसथ-खंधकात आहे. त्यातच नदीपलीकडे पसरणाऱ्या सीमेचा नियम येतो. नदी ओलांडून उपोसथास येणारे भिक्षू वाहून जाऊ लागले, तेव्हा जेथे कायमची नाव किंवा कायमचा पूल असेल तेथेच अशी सीमा बांधावी, असे ठरले.

तापीकाठच्या माणसाला हा नियम समजावून सांगावा लागत नाही. २००८ च्या पुनर्रचनेपूर्वी सावदा हे गाव जळगाव लोकसभा मतदारसंघात होते; त्यानंतर ते रावेर मतदारसंघात आले. चोपडा, रावेर, भुसावळ, जामनेर, मुक्ताईनगर आणि बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर असे सहा विधानसभा मतदारसंघ त्यात आहेत. तापीच्या दोन्ही तीरांवर, खानदेश व विदर्भ या दोन्ही प्रदेशांत पसरलेला हा प्रदेश एका प्रतिनिधीने सांभाळावयाचा. यांपैकी चोपडा अनुसूचित जमातींसाठी आणि भुसावळ अनुसूचित जातींसाठी विधानसभेपुरते राखीव आहे. लोकसभेची रावेरची जागा सर्वसाधारण आहे. महाराष्ट्रास लोकसभेत ४८ जागा आहेत व देशभरातून ५४३ सदस्य थेट निवडले जातात. राज्याराज्यांतील जागांची वाटणी मात्र १९७१ च्या जनगणनेवर गोठविली गेली. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने हे प्रथम झाले व २००१ च्या ८४ व्या दुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत ते लांबविले. कुटुंबनियोजन करणाऱ्या राज्यांचा तोटा होऊ नये, हे त्याचे कारण.

संख्येचा नियम सर्वत्र सारखा लावता येत नाही, हेही विनयाला ठाऊक होते. मध्यदेशात उपसंपदेसाठी दहा भिक्षू लागत. सातपुड्यापलीकडील अवंती-दक्षिणापथात भिक्षू इतके विरळ होते की सोण कुटिकण्णाच्या उपसंपदेसाठी दहा भिक्षू जमविण्यास महाकच्चायनांना तीन वर्षे लागली. सोणाने ही अडचण भगवंतांपुढे मांडल्यावर प्रत्यंत जनपदांत विनयधरासह पाच भिक्षूंनी उपसंपदा देण्याची अनुज्ञा झाली. आपल्या संविधानातही लोकसंख्या व जागा यांचे प्रमाण साठ लाखांपर्यंत लोकसंख्या असलेल्या राज्यांना लागू नाही, आणि लक्षद्वीपसारख्या चिमुकल्या बेटांना एक पूर्ण जागा आहे.

साम्य येथवर मनोहर वाटते. आता भेद पाहू. बाबासाहेबांनी गणपूर्तीचा उल्लेख केला आहे, आणि चम्पेय्य-खंधकात चार, पाच, दहा व वीस भिक्षूंचे गण कोणकोणती कर्मे करू शकतात ते स्पष्ट दिले आहे. परंतु चारांचा गण पुरा झाला म्हणजे काम भागले असे नाही. सीमेतील प्रत्येक अधिकारी भिक्षू उपस्थित हवा, नाहीतर त्याने आपला 'छंद', म्हणजे संमती, दुसऱ्याकरवी पाठविलेली हवी. एकही सुटला तर ते 'वग्ग' कर्म, म्हणजे अपुऱ्या संघाचे कर्म ठरे व रद्द होई. आजारी भिक्षूला छंदही पाठविता येत नसेल तर त्याला मंचकासह सभेत आणावे. हलविल्याने जिवाला धोका असेल तर संघाने उठून त्याच्याकडे जावे. पण त्याला वगळून कर्म करू नये. लोकसभेची गणपूर्ती एकूण सदस्यांच्या एक दशांशाची, म्हणजे ५५ ची आहे. उरलेले कोठे आहेत हे विचारले जात नाही, आणि अनुपस्थित सदस्याला आपले मत दुसऱ्याच्या हाती धाडताही येत नाही.

मतदाराच्या बाबतीत मात्र संघाच्या या काळजीची आठवण करून देणारी एक गोष्ट अलीकडे घडली. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ८५ वर्षांवरील वृद्धांना आणि ठरावीक प्रमाणाहून अधिक अपंगत्व असलेल्यांना घरी मत देण्याची सोय प्रथमच देशभर झाली. रावेरचे मतदान १३ मे २०२४ रोजी होते. खानदेशातील मे महिन्याचे ऊन ज्यांनी सोसले आहे, त्यांना या सोयीचे मोल सांगावयास नको.

येथे आणखी एक कबुली दिली पाहिजे. भिक्षुसंघाचा गण भिक्षुणीला धरून पुरा होत नसे. तिला चौथी मोजून केलेले कर्म अकर्म ठरे. बाबासाहेबांनी दिलेल्या मताधिकाराने स्त्रीला पहिल्याच दिवशी गणनेत घेतले. रावेरमधून तर २०१४, २०१९ आणि २०२४ अशा तिन्ही वेळी रक्षा खडसे निवडून गेल्या. लोकसभेत स्त्रियांना एक तृतीयांश जागा देणारी १०६ वी दुरुस्ती २०२३ मध्ये संमत झाली. या एका बाबतीत संविधान विनयाच्या पुढे गेले आहे, हे म्हणण्यास बौद्धांनी कचरू नये.

प्रस्तावाच्या रीतीबद्दल थोडक्यात सांगतो. संघापुढे आधी 'ञत्ति', म्हणजे विज्ञप्ती मांडली जाई. मग साध्या कर्मात एकदा व महत्त्वाच्या कर्मात तीनदा 'अनुस्सावन', म्हणजे घोषणा होई. ज्याला मान्य असेल त्याने मौन राहावे, अमान्य असेल त्याने बोलावे. याची तुलना विधेयकाच्या तीन वाचनांशी करण्याची प्रथा आहे, ती आम्हांस फारशी पटत नाही. संघात तिन्ही घोषणा शब्दशः एकच असत, तर लोकसभेत दुसऱ्या वाचनात कलमवार चर्चा व दुरुस्त्या होतात. शिवाय लोकसभेत मौनाला अर्थ नाही. अध्यक्ष प्रथम आवाजी मत घेतात. त्यास कोणी आव्हान दिले तर साडेतीन मिनिटे घंटा वाजवून मतविभागणी होते.

सर्वांत महत्त्वाचा विषय शलाकेचा. वाद मिटविण्याच्या सात उपायांपैकी 'येभुय्यसिका', म्हणजे बहुमत, हा एक. त्यासाठी संघ एक 'सलाकागाहापक' नेमी. त्याच्या अंगी पाच गुण हवेत: त्याने आवड, द्वेष, मोह व भय यांच्या आहारी जाऊ नये, आणि कोणाची शलाका घेतली गेली व कोणाची नाही हे त्याला कळत असावे. चार गुण शीलाचे आणि पाचवा हिशेबाचा. अनुच्छेद ३२४ अन्वये निवडणूक आयोगाकडे जी जबाबदारी आहे, तिच्यासाठी याहून नेमकी पात्रता आम्हांस तरी सुचत नाही.

मत घेण्याचे प्रकार तीन: गुप्त, कानात सांगून आणि उघड. गुप्त प्रकारात वेगवेगळ्या रंगांच्या शलाका करून, ही अमक्या मताची व ही तमक्या मताची असे सांगत प्रत्येकाकडे जावयाचे. त्याने हवी ती घ्यावी आणि कोणाला दाखवू नये. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र, चिन्ह लावलेली पेटी असे व मतदार कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकी. अक्षरओळख नसलेल्या कोट्यवधी लोकांसाठी काढलेली ती युक्ती. शिक्का मारण्याची पद्धत पुढे आली, आणि २००४ मध्ये देशभर मतदानयंत्र आले. रंगीत शलाका आणि चिन्हांकित पेटी यांच्यामागील विचार एकच आहे: वाचता न येणाऱ्यालाही निवड करता यावी आणि ती त्याच्यापाशीच राहावी.

येथपर्यंत सर्व जण सांगतात. त्यापुढची ओळ सहसा कोणी वाचून दाखवीत नाही. शलाका गोळा केल्यावर अधर्मवादी अधिक आहेत असे सलाकागाहापकाला आढळले, तर त्याने मतग्रहण चुकीचे झाले म्हणून ते रद्द करावे. धर्मवादी अधिक असतील तरच ते योग्य म्हणून जाहीर करावे, असे चुल्लवग्गात स्पष्ट आहे. आजच्या दृष्टीने हा निवडणूक अधिकाऱ्याचा घोर अपराध होईल. ही ओळ लपविणे हे अभ्यासकाचे काम नव्हे. विनयाच्या दृष्टीने धर्म संख्येने ठरत नाही. धर्म आधीच ठरलेला असून संख्या त्याला केवळ दुजोरा देते. लोकसभेच्या निवडणुकीत असा आधीच ठरलेला निकाल नसतो. १९५२ मध्ये मुंबईच्या उत्तर भागातील द्विसदस्य मतदारसंघात खुद्द बाबासाहेब पराभूत झाले आणि १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही त्यांना अपयश आले. ज्यांनी हे मत दिले त्यांच्याच विरुद्ध ते पडले, तरी गणना कायम राहिली.

मग अधर्मवादी बहुसंख्य झाले तर काय, हा विनयाचा प्रश्न बाबासाहेबांनी सोडून दिला काय? आमच्या मते त्यांनी त्याची जागा बदलली. मते मोजणाऱ्याच्या हाती निकाल फिरविण्याचा अधिकार न देता, काही गोष्टी त्यांनी साध्या बहुमताच्या कक्षेबाहेर नेऊन ठेवल्या. मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा १३ व्या अनुच्छेदाने शून्य ठरतो, आणि ३२ व्या अनुच्छेदाने दाद मागण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचे दार उघडे आहे. १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, ती कोणा गावच्या बहुमताला विचारून नव्हे. बहुमताची शलाका एकदा चुकीच्या बाजूस पडली म्हणजे काय होते, हे ज्याने जन्मभर भोगले त्याने केलेली ही योजना आहे.

अयोग्य शलाकाग्रहणाचे दहा प्रकार चुल्लवग्ग सांगतो. वाद क्षुल्लक असणे, मतग्रहणाने संघ फुटण्याचा संभव असणे, गटागटाने शलाका घेणे हे त्यांत आहेत. शेवटचा दोष असा की भिक्षूंनी आपल्या स्वतःच्या दृष्टीप्रमाणे शलाका न घेणे. ही ओळ वाचताना आम्हांस दहावी अनुसूची आठवते. १९८५ च्या ५२ व्या दुरुस्तीने पक्षादेश मोडून मत देणारा सदस्य अपात्र ठरू लागला. विकल्या जाणाऱ्या निष्ठांना आळा घालण्यासाठी तो कायदा आला आणि त्याची गरज नव्हती असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ज्या सभेत सदस्य आपल्या दृष्टीविरुद्ध हात वर करण्यास बांधलेला आहे, तिचे मतग्रहण विनयधरांनी सदोष ठरविले असते. बाबासाहेबांच्या यादीतील 'पक्षादेश' हा शब्द भाषांतरात फसवा होतो. संघातील गणपूरकाचे काम सभेची संख्या पुरी करणे एवढेच होते. कोणाच्या बाजूने शलाका उचलावी हे सांगणे नव्हे.

याच मतदारसंघाने संघकर्माचा आणखी एक भाग प्रत्यक्ष पाहिला. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याचे चित्रीकरण १२ डिसेंबर २००५ रोजी प्रसारित झाले. लोकसभेने पाच सदस्यांची समिती नेमली आणि २३ डिसेंबर रोजी आपल्या दहा सदस्यांना सभागृहातून काढून टाकले. जळगावचे तत्कालीन सदस्य त्यांत होते. सावदा तेव्हा जळगाव मतदारसंघातच असल्याने येथील मतदार २००७ च्या पोटनिवडणुकीपर्यंत लोकसभेत प्रतिनिधीवाचून राहिला. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २००७ रोजी बहुमताने ही कारवाई वैध ठरविली. पुरेशी सुनावणी मिळाली नाही ही सदस्यांची तक्रार तेथे मान्य झाली नाही.

विनयात दंडकर्म वैध होण्यास तीन गोष्टी लागतात: आरोपी समोर असावा, त्याला विचारलेले असावे, आणि त्याने दोष कबूल केलेला असावा. यांतील तिसरी अट आजच्या कोणत्याही सभागृहास पाळता येणार नाही. दुसरेही एक अंतर आहे. संघाने भिक्षूला दूर केले तर दूर होणारा तो एकटाच असे. सभागृहाने सदस्याला दूर केले की त्याच्यामागचे लाखो मतदार त्याच्यासह बाहेर पडतात, आणि त्यांचा दोष काय हे कोणी विचारीत नाही. प्रतिनिधित्वाची किंमत ती हीच. बहिष्कृत सदस्यास पुन्हा उभे राहण्याची मुभा होती, जशी उत्क्षिप्त भिक्षूस वर्तन सुधारल्यावर पुन्हा संघात घेतले जाई.

आता उपासकांच्या प्रश्नाचे उत्तर. संघात खासदार नव्हता, तरी त्याच्या जवळ येणारी एक योजना होती, तिला 'उब्बाहिका' म्हणत. बुद्धांच्या परिनिर्वाणानंतर शंभर वर्षांनी वैशालीत दहा वस्तूंचा वाद उभा राहिला. त्यांतील दोन वस्तू सभेच्या रीतीसंबंधीच होत्या: एकाच सीमेत वेगवेगळे उपोसथ करणे, आणि अपुऱ्या संघाने कर्म उरकून घेऊन उरलेल्यांची संमती मागाहून मिळविणे. सातशे भिक्षू जमले, पण चर्चेला अंत लागेना आणि कोणाच्या बोलण्याचा अर्थ कळेना. तेव्हा संघाने पूर्वेकडील चार व पश्चिमेकडील चार असे आठ स्थविर निवडले. पूर्वेकडून सब्बकामी, साळ्ह, खुज्जसोभित व वासभगामिक. पश्चिमेकडून रेवत, संभूत साणवासी, यश काकंडकपुत्त व सुमन. अजित नावाच्या दहा वर्षांच्या उपसंपदेच्या भिक्षूला आसने मांडण्यासाठी नेमले. वालिकाराम येथे रेवतांनी एकेक वस्तू विचारली, सब्बकामींनी उत्तर दिले, आणि दहाही वस्तू अग्राह्य ठरल्या.

लोकसभेतही मोठ्या सभेला न झेपणारे काम समित्यांकडे जाते. विभागवार स्थायी समित्या १९९३ मध्ये सतरा होत्या, २००४ पासून त्या चोवीस आहेत, आणि त्यांचा अहवाल सभागृहापुढे ठेवावा लागतो. वैशालीतही तसेच झाले. आठ जणांनी निर्णय दिल्यावर सब्बकामींनी रेवतांना सांगितले की, हेच प्रश्न आपण मला संघाच्या मध्यभागी पुन्हा विचारा. त्याप्रमाणे दहाही प्रश्न सातशे भिक्षूंसमोर पुन्हा विचारले गेले व दहाही उत्तरे पुन्हा दिली गेली.

पुढच्या रविवारी आम्ही हे सर्व विहारात सांगितले. ते उपासक पहिल्या रांगेतच होते. ऐकून घेऊन म्हणाले, "एकदा ठरलं होतं, सर, मग परत सगळ्यांसमोर कशाला विचारलं?" त्या भिक्षूंना कळावे म्हणून, असे चुल्लवग्गाच्या शेवटच्या खंधकात आहे.